साडेदहावरचं बटण

मेहुण्यांचं पत्र येऊन बावीस दिवस झाले होते आणि दादांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र चांगलं चार पानी होतं. मेहुणे घड्याळजी. जन्मभर डोळ्याला भिंग लावून बारीक कामं केलेला माणूस, अक्षरही तसंच, मोहरीएवढं. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नसे, म्हणून ते पत्रंच लिहीत. या खेपेला मात्र त्यांचं अक्षर उत्साहाच्या भरात ओळी सोडून धावत होतं.

'सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती,' त्यांनी लिहिलं होतं. 'मंचावर दोन ॲम्प्लिफायर. एक काळी मुकी पेटी, ट्रान्झिस्टरची. दुसरीवर जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे चार व्हॉल्व्ह, आत निखाऱ्यासारखा उजेड. नादगुरू नावाच्या सत्पुरुषांनी आम्हां बहिऱ्यांना पहिल्या रांगेत बसवलं आणि कानातली यंत्रं काढायला लावली. काळ्या पेटीवर गाणं लावलं, तर कुणी शेजारच्या घरात पुटपुटल्यासारखं वाटलं. मग तेच गाणं व्हॉल्व्हच्या पेटीवर लावलं आणि दादा, काय सांगू, यंत्राशिवाय मला शब्द न् शब्द ऐकू आला! माणसं रडत होती. ते म्हणतात, व्हॉल्व्ह जिवंत, ट्रान्झिस्टर मेलेला. कानातल्या यंत्रातही ट्रान्झिस्टरच असतात, म्हणजे मी इतकी वर्षं कानात मढं घालून हिंडतोय. ते टाकून सहा महिने रोज व्हॉल्व्हसमोर बसलं की कान उघडतात. तुमची बहीण म्हणते, खूळ आहे. तुम्ही आयुष्य पुस्तकांत काढलंत. घरात व्हॉल्व्हचा घ्यावा की ट्रान्झिस्टरचा, आणि कानातलं यंत्र ठेवावं की टाकावं, एवढं सांगा. तुम्ही लिहाल तसं करीन.'

तुम्ही लिहाल तसं करीन! याच वाक्याने दादांची लेखणी थिजली.

दादांनी चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. तिथे त्यांना सगळे मागून शंकासुर म्हणत, कारण चूक ढळढळीत दिसली तरी ते ती दुरुस्त करत नसत. समासात पेन्सिलीने एक बारीकसं प्रश्नचिन्ह काढत आणि कागद पुढे सरकवत. त्यालाही कारण होतं. उमेदवारीत असताना त्यांच्या हाती रेडिओदुरुस्तीचं एक जाडजूड पुस्तक आलं होतं. लेखकाने लिहिलं होतं, 'सेट सुरू केल्यावर व्हॉल्व्ह तापण्यासाठी तीस सेकंद थांबावे.' गाणं ऐकायला अर्धं मिनिट कोण थांबतो, असं म्हणून दादांनी ऐटीत 'तीस'चं 'तीन' केलं. पुस्तक छापून गेलं. सहा महिन्यांनी लेखक छापखान्यात आले आणि एक टोपली दादांच्या टेबलावर पालथी केली. आत चांगले, धडधाकट व्हॉल्व्ह होते. शिकाऊ पोरांनी एक-दोन-तीन मोजून, आवाज येत नाही म्हणून बाद करून फेकून दिलेले.

"तुमच्या तीन सेकंदांचे बळी," लेखक म्हणाले आणि निघून गेले.

उरलेल्या अकराशे प्रतींत दादांनी स्वतःच्या हाताने शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवली. हाताचा खळीचा वास आठवड्याने गेला. मनातली धास्ती कधीच गेली नाही. आपण ठामपणे काही म्हटलं की कुणाचं तरी नुकसान होतं, अशी त्यांची समजूतच झाली.

म्हणून मेहुण्यांच्या उत्तराचे चार कच्चे खर्डे झाले. एकात 'असे काहींचे मत आहे', दुसऱ्यात 'तथापि', तिसऱ्यात नुसतं 'प्रकृतीस जपावे'. चौथा त्यांनी वाचायच्या आधीच फाडला.

तेविसाव्या दिवशी सकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला.

"दादा, तू जिवंत आहेस ना?"

"अगं, म्हणजे काय?"

"मग पत्राचं उत्तर का देत नाहीस? हे म्हणाले, दादांना पटलं नसतं तर त्यांनी लगेच लिहिलं असतं. मौन म्हणजे संमती! दहा दिवस झाले, यंत्र काढून ठेवलंय. काल दूध आणायला गेले, मागून सायकलवाला घंटा वाजवून वाजवून थकला आणि शेवटी धडकला. मनगट मुरगळलंय. उजवं."

घड्याळजीचं उजवं मनगट!

"आज सायकल होती, दादा. उद्या ट्रक असेल. बरं, मी सांगून ऐकत नाहीत. ऐकणार कशाने? मी स्वयंपाकघरातून हाका मारते, हे ढिम्म. परवा मी जेवण वाढून अर्धा तास ओरडत बसले आणि शेवटी भिंतीशी भांडले. भिंतीने निदान उलट उत्तर तरी दिलं नाही."

"मी... मी बघतो काहीतरी."

"बघू नकोस. लिही," धाकटी म्हणाली आणि फोन ठेवला.

योग असा, की येत्याच शनिवारी सकाळी अकरा वाजता नादगुरू दादांच्याच गावात येणार होते, आणि तेही दादा रोज जिथे बसत त्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. संस्थेच्या चिटणीसांनी सभागृह दिलं होतं. ग्रंथपाल बाईंना विचारलंही नव्हतं, त्यामुळे बाई आधीच तापलेल्या होत्या.

"चला दादा," त्या किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत म्हणाल्या, "जिवंत काचा बघून येऊ. माझ्या कपाटांच्या मेल्या काचा पुसायला कुणी येत नाही."

सभागृह खच्चून भरलं होतं. दंतवैद्य होते, भूमितीचे मास्तर होते, बेकरीवाला पीठभरल्या हातांनीच आला होता. पहिल्या रांगेत कानाने अधू असलेली दहाबारा मंडळी. त्यांच्यापुढे स्टुलावर एक काचेची बरणी, आणि बरणीत लोकांनी काढून टाकलेली श्रवणयंत्रं, भाजलेल्या काजूंसारखी. काही चालूच राहिली होती. बरणीतून बारीक शिट्ट्या येत होत्या.

"ऐका!" नादगुरू बरणीकडे बोट दाखवून म्हणाले. पांढरा सदरा, पांढरी दाढी, आवाज मात्र लोण्यात घोळलेला. "मढी किंचाळतायत! यांच्या तावडीतून आज तुम्ही सुटलात. माउल्यांनो, काच म्हणजे काय? वाळू! वाळू नदीची, नदी आपली आई. म्हणून काचेच्या व्हॉल्व्हमध्ये प्राण राहतो. आणि ट्रान्झिस्टर कशाचा? सिलिकॉनचा! कारखान्यातल्या निर्जीव सिलिकॉनचा!"

"सिलिकॉन पण वाळूतूनच काढतात हो," ग्रंथपाल बाई दादांच्या कानाशी पुटपुटल्या. "सख्खी भावंडं. एकात प्राण, एकात मढं?"

दादांनी मान हलवली. त्यांचं लक्ष बोलण्याकडे नव्हतं. प्रूफ तपासणाऱ्याला एक सवय असते: वाक्य काय म्हणतंय ते सोडून द्यायचं आणि एकेक अक्षर सुटं बघायचं, कारण अर्थात शिरलं की डोळा नसलेला काना वाचतो. ते नादगुरूंचे हात बघत होते.

काळ्या पेटीवर गाणं लागलं. आवाजाच्या बटणावरची पांढरी रेघ घड्याळाच्या नवावर. पहिल्या रांगेतले लोक कपाळाला आठ्या घालून पुढे झुकले.

"काही ऐकू आलं, आजी?" नादगुरूंनी शिवणकाम करणाऱ्या आजींच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

"कोण आलं?" आजी म्हणाल्या. लोक हसले.

"हे मढ्याचं गाणं! आता प्राण जागा होतोय..."

त्यांनी व्हॉल्व्हच्या पेटीचा खटका दाबला. त्याच क्षणी चारही काचांत लाल उजेड पडला आणि त्याच क्षणी तेच गाणं सभागृहभर घुमलं. आजींचे डोळे विस्फारले. "अगं बाई! ऐकू आलं! शब्द न् शब्द ऐकू आला!" त्या रडायलाच लागल्या. शेजारचे निवृत्त शिपाई उठून उभे राहिले. टाळ्या पडल्या, कुणी हात जोडले, मागच्या दारापाशी पेटीसाठी नावं नोंदवायला रांग लागली.

दादा मात्र गारठले होते. या पेटीच्या बटणावरची रेघ साडेदहावर होती, हे एक. आणि दुसरं...

"बाई," ते बाईंकडे झुकून म्हणाले, "पेटी सुरू केल्यापासून गाणं लागेपर्यंत किती वेळ गेला?"

"वेळ कसला? चुटकीसरशी लागलं."

"तीन सेकंदसुद्धा नाही?"

"अर्धासुद्धा नाही. का हो?"

दादांना जगातल्या फार थोड्या गोष्टींची खात्री होती. शब्दकोशातही त्यांना संशय येई. पण थंड व्हॉल्व्ह खटका दाबताच बोलत नाही, ही एक गोष्ट त्यांना ठाऊक होती. ती त्यांनी अकराशे वेळा स्वतःच्या हाताने चिकटवली होती.

तरी पाय उचलेना. आपलं चुकलं तर? पुस्तक जुनं झालं, नवे व्हॉल्व्ह लवकर तापत असतील तर? सगळ्या गावासमोर हसं होईल. आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या शिपाईबुवांनी खिशातून आपल्या यंत्राची डबी काढली आणि तीही बरणीत टाकली. खण्ण.

दादा उठले.

"मला... एक शंका आहे."

"आला शंकासुर," मागून कुणीतरी म्हणालं.

"विचारा बाबा, विचारा," नादगुरू मायेने म्हणाले.

"ती काळी पेटी... तिचं बटणही साडेदहावर न्याल का?"

लोण्यात एक खडा लागला. "त्याने काय होणार? मढं ओरडलं म्हणून जिवंत होत नाही."

"होऊ नये. पण बघू या की."

"मीच नेते," ग्रंथपाल बाई म्हणाल्या आणि तरातरा मंचावर चढल्या. नादगुरूंचा चेला आडवा आला. "बाजूला व्हा. सभागृहाचा मेन स्विच माझ्या ताब्यात आहे. तो बंद केला तर तुमचे प्राणही जातील आणि मढीही."

त्यांनी व्हॉल्व्हची पेटी बंद केली, गाण्याची वायर काळ्या पेटीत खोचली आणि बटण फिरवलं. नऊ, साडेनऊ, दहा, साडेदहा.

शिवणकामवाल्या आजी ताडकन उठल्या. "अगं बाई! हे मढं पण गातंय की!"

सभागृहात खसखस पिकली. दंतवैद्यांनी हात वर केला. "पण मला खरंच व्हॉल्व्हचा आवाज जास्त गोड वाटला होता. मी काय खोटं बोलतोय?"

"नाही हो, नाही!" दादा कळवळून म्हणाले. "वाटलाच असणार. माणसाच्या कानाची ती खोडच आहे. तेच गाणं थोडं मोठं लावलं की ते मोठं वाटत नाही, गोड वाटतं. भरदार वाटतं. तुमचे कान खोटे नाहीत. ज्याने बटण फिरवलं आणि सांगितलं नाही, तो खोटा."

नादगुरूंची दाढी थरथरली. "आवाजाच्या मोठेपणावर बोलताय, आवाजाच्या आत्म्यावर बोला! या व्हॉल्व्हमध्ये जो अग्नी आहे, तो त्या काळ्या पेटीत दाखवा!" त्यांनी पुन्हा वायर बदलून खटका दाबला. पुन्हा लाल उजेड, पुन्हा लगोलग गाणं.

"अग्नी आहे ना?" दादा मंचाच्या पायऱ्या चढत म्हणाले. "मग मघापासून इतका वेळ जळतोय म्हणजे तापला असेल."

"दूर राहा! हात भाजेल! विजेचा धक्का बसून मराल, म्हातारबुवा!"

ही धमकी मात्र खरी असू शकत होती. त्या जाडजूड पुस्तकात ठळक अक्षरांत छापलं होतं: चालू संचातील व्हॉल्व्हला हात लावू नये. त्या ओळीची तीन प्रुफं दादांनी वाचली होती. पण थंड पेटीतला खरा व्हॉल्व्ह लगेच गाऊ लागत नाही, आणि जी पेटी लगेच गाते ती व्हॉल्व्हच्या तापण्यावर गातच नसते. दोन्ही ओळी एकाच पुस्तकातल्या. एक खरी धरायची तर दुसऱ्या ओळीला घाबरायचं कारण उरत नव्हतं.

दादांनी डोळे मिटले आणि उजवा हात काचेवर ठेवला.

काच गार होती. माठातल्या पाण्याच्या पेल्यासारखी गार.

"बाई," ते डोळे उघडून म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, "हा प्राण थंड पडलाय!"

"शीतल प्राण!" नादगुरू किंचाळले. "ती माझी साधना..."

"मघाशी अग्नी होता," बेकरीवाला ओरडला. "मी भट्टीवर काम करतो, मला शिकवू नका!"

दादांनी काच चिमटीत धरून वर उपसली. व्हॉल्व्ह बाहेर आला. गाणं चालूच. त्यांनी दुसरा उपसला, तिसरा, चौथा. चारही व्हॉल्व्ह टेबलावर आडवे पडले आणि गायिका आपली तान घेतच होती, जराही न अडखळता. व्हॉल्व्ह काढलेल्या चार भोकांत आता चार बारके लाल दिवे लुकलुकत होते, खेळण्यातल्या गाडीला असतात तसे. उजेडही काचांचा नव्हता.

भूमितीचे मास्तर पेन्सिलीने बोटं मोजत उभे होते. "सिद्ध झालं," ते हळूच म्हणाले.

बाईंनी मेन स्विच बंद करवला, पेटी उलटी केली आणि खालचा पत्रा काढला. आत एक छोटी हिरवी पट्टी, तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पाकळ्या आणि पाकळ्यांना स्क्रूने जखडलेले चार काळे चौकोनी तुकडे.

"हे काय हो?" आजींनी विचारलं.

"ट्रान्झिस्टर," बाई म्हणाल्या. "नादगुरूंच्या जिवंत पेटीतलं मढं. इतका वेळ हेच गात होतं बिचारं, आणि शिव्याही खात होतं."

"तुमच्यात श्रद्धा नाही!" नादगुरू वायरी गुंडाळत म्हणाले. "प्रश्न विचारणाऱ्याला नाद भेटत नाही!"

दादा त्यांच्यासमोर उभे राहिले. "प्रश्न विचारल्यावर जो पळतो तो नाद नव्हे. या लोकांना नीट ऐकू येत नाही. त्यांना जे थोडं ऐकू येत होतं, ते तुम्ही बरणीत भरलंत. आवाजाचा धंदा करा, पेट्या विका, व्हॉल्व्हच्या विका. खऱ्या व्हॉल्व्हला माझी ना नाही. पण कुणाच्या कानातलं काढून घ्यायचा तुम्हाला अधिकार नाही. बरणी इथेच राहील."

पुढची दहा मिनिटं गोंधळच होता. बरणी टेबलावर उपडी झाली आणि जो तो आपलं यंत्र शोधू लागला. "हे माझं नव्हे, हे शिट्टी मारतंय!" "अहो, ते डाव्या कानाचं आहे, उजव्यात काय कोंबताय!" शिपाईबुवांना आपलं सापडलं, त्यांनी ते बसवलं आणि पहिलंच वाक्य ऐकलं ते बायकोचं: "गाढव आहात!" "ऐकू आलं," ते समाधानाने म्हणाले. नावं नोंदवायची रांग कधी विरली ते कुणाला कळलं नाही. काही जण अजूनही म्हणत होते की त्या आवाजात काहीतरी होतं. दादांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. फक्त नऊ आणि साडेदहा पुन्हा लावून दाखवलं, ज्याला हवं त्याला, हवं तितक्या वेळा.

मग ते खाली आले, आपल्या नेहमीच्या टेबलाशी बसले आणि बाईंकडून एक कोरा कागद मागून घेतला. खर्डा वगैरे केला नाही.

'प्रिय मेहुणेबुवा,

माझ्या मौनाला तुम्ही संमती समजलात. ती संमती नव्हती, भित्रेपणा होता. त्यापायी तुमचं मनगट दुखावलं, याची मला लाज वाटते.

कानातलं यंत्र आजच्या आज परत घाला. हे पत्र वाचून संपायच्या आधी.

तुम्हाला यंत्राशिवाय गाणं ऐकू आलं ते खरं. पण नादगुरू आज इथेही आले होते. काळ्या पेटीचं बटण नवावर होतं आणि दिव्यांच्या पेटीचं साडेदहावर. तुम्ही घड्याळजी; दीड तासाचा फरक कुणी तुमच्या दुकानात खपवला असता का? त्यांचे व्हॉल्व्ह मी स्वतः उपटून काढले. गाणं थांबलं नाही. आत ट्रान्झिस्टरच होता. (खऱ्या चालू व्हॉल्व्हला मात्र कधी हात लावू नका. तो भाजतो, धक्काही देतो.)

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. घरी ऐकायला व्हॉल्व्हही चालतो, ट्रान्झिस्टरही चालतो. खरा व्हॉल्व्ह आवाजाला किंचित वेगळा रंग देतो, काहींना तो आवडतो. पण तो तापतो, वीज खातो, झिजतो आणि बदलावा लागतो. ट्रान्झिस्टर गार राहतो आणि वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. दोन्ही मागून आणा, पुढे चादर बांधा, दोन्हींचा आवाज सारखा करा आणि धाकटीला मनाला येईल तसे बदलायला सांगा. तुम्ही नुसतं लिहीत जा: हा, का तो. तिनेही ओठांनी किंवा चेहऱ्याने काही कळू देऊ नये. वीसदा करा. ओळखता आला आणि आवडला, तर जो आवडेल तो घ्या. ओळखता आला नाही, तर साधा घ्या. काचेतला उजेड आवडत असेल तर उजेडासाठी घ्या, त्यात गैर काही नाही. पण कान बरे करायला कानाच्या डॉक्टरांकडेच जा.

आणि कुणी म्हणालं, प्रश्न विचारू नका, डोळे मिटा, मग ऐकू येईल, तर तिथेच डोळे उघडा आणि त्याचे हात बघा. माझ्यासारख्या भित्र्याला हे जमलं, तर कुणालाही जमेल. मी सांगतो म्हणूनही मानू नका. करून बघा.

तुमचा,
दादा'

त्यांनी पत्र एकदाच वाचलं. पाकिटाला तिकीट लावलं, बाईंना हात हलवून ते बाहेर पडले आणि भर उन्हात चौक ओलांडून टपालपेटीशी गेले. पेटीवर लिहिलं होतं, पुढची डाक चार वाजता. दादांनी पाकीट आत सोडलं आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत थांबले.